रोबोट हात मेंदूने चालवायचा, तर टोपी की इम्प्लांट?

या विषयाची चौकशी करणारे बहुतेक जण थेट विचारतात, मेंदूचे संकेत टिपणारी टोपी घ्यावी की शस्त्रक्रिया करून मेंदूत इम्प्लांट बसवावं? मी आधी वेगळंच विचारेन: हनुवटी, ओठ, डोळे यांपैकी काय अजून भरवशाने हलतं? व्हीलचेअरला बसवलेला रोबोट हात हनुवटीच्या जॉयस्टिकने, नळीत फुंकून-ओढून किंवा नजरेनेही चालतो. यांतलं एक जरी जमत असेल, तरी आज ते मेंदूच्या संकेतांपेक्षा सहसा जलद आणि कमी चुकणारं ठरतं.

ते जमत नसेल, किंवा आजार वाढत जाणारा असेल, तरच पुढचं वाचा.

ईईजीच्या, म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या टोपीला शस्त्रक्रिया लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण कवटीतून बाहेर येईपर्यंत संकेत पुसट होतो. डोळा मिचकावला, दात आवळले, तरी त्यात गोंधळ उठतो. त्यामुळे रोजच्या वापरात टोपीवर बोटागणिक हालचाल विसरा. ‘ग्लास’, ‘चमचा’, ‘थांब’ अशी निवड करता येते. हात हलवण्याची नुसती कल्पना करून चालणारी पद्धत प्रत्येकाला साधत नाही, सराव करूनही. पडद्यावरच्या चमकत्या चौकोनांपैकी हव्या त्याकडे बघून निवड करण्याची पद्धत लवकर जमते, पण नजर इतकी स्थिर राहत असेल तर नजर टिपणारा आय-ट्रॅकर काय वाईट? शिवाय जेल लावणं, इलेक्ट्रोड बसवणं, नंतर केस धुणं हे सगळं काळजी घेणाऱ्याच्या रोजच्या कामात भर घालतं. ते कोण करणार, हे आधी ठरवा.

इम्प्लांटची गोष्ट निराळी. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रेनगेट या अमेरिकी संशोधन गटाच्या प्रयोगात, पक्षाघातानंतर सुमारे 15 वर्षांनी एका स्त्रीने रोबोट हाताने कॉफीची बाटली उचलली आणि स्ट्रॉने प्यायली. तिच्या मेंदूत बसवलेल्या चिपला 96 इलेक्ट्रोड होते. 2021 च्या, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगात तर स्पर्शाची जाणीवही मेंदूला परत दिली, आणि वस्तू उचलून ठेवण्याचा वेळ साधारण 20 सेकंदांवरून 10 वर आला. मला या क्षेत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच वाटतं. पकड घट्ट बसली की निसटतेय, हे नुसतं बघून नीट कळत नाही.

पण अशा चिपा चाचण्यांमध्येच बसवल्या जातात. डोक्यातून बाहेर येणारी जोडणी असेल तर संसर्गाची भीती राहते. काही वर्षांत इलेक्ट्रोडभोवती व्रण धरून संकेत क्षीण होऊ शकतो. मानेच्या शिरेतून मेंदूपर्यंत नेलेला स्टेंट्रोड, म्हणजे इलेक्ट्रोड लावलेली बारीक जाळीची नळी, कवटी न उघडता बसतो, पण त्याला 16 च इलेक्ट्रोड आहेत. निवडी करायला तो बरा, हाताच्या बारीक हालचालींना तोकडा.

निवड कोणतीही करा, रोबोट स्वतः किती सांभाळून घेतो ते बघा. वस्तू कॅमेऱ्याने ओळखून शेवटचे काही सेंटिमीटर आपणच पुढे होणारा हात असेल, तर साध्या टोपीचाही चांगला उपयोग होतो.

आणि चाचणीत जायचंच ठरलं, तर सही करण्याआधी संमतीपत्रात हे शोधा: चाचणी संपल्यावर इम्प्लांट काढणार कोण, खर्च कोणाचा, आणि आत ठेवलंच तर पुढची देखभाल कोणाकडे.