जुन्या टेपा डिजिटल करून देणारी नाशिकमधली दुकानं: आकाशवाणी-दूरदर्शनच्या ठेव्यासाठी कितपत कामाची?

नाशिकमध्ये फोटो-व्हिडिओच्या दुकानांत जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर भरून मिळतात. लग्नाची किंवा मुंजीची व्हीएचएस असेल तर ही सेवा ठीक आहे, पैसे वसूल होतात. पण कॅसेटवर आकाशवाणीवरून उतरवलेली श्रुतिका असेल, किंवा घरातलं कुणी वरळीच्या दूरदर्शन केंद्रात गेलं होतं त्या कार्यक्रमाची प्रत असेल, तर काही प्रश्न विचारल्याशिवाय ती काउंटरवर ठेवू नका.

याचं कारण त्या स्टुडिओंच्या कामाच्या पद्धतीत आहे. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, पुण्याचं २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी. गंगापूर रोडच्या आकाशवाणी टॉवरची खूण आणि १०१.४ मेगाहर्ट्झ हे नाशिकच्या आयुष्यात त्यानंतर आलं. त्याआधी इथल्या लेखक-कलावंतांना मुंबई-पुण्याचेच स्टुडिओ गाठावे लागत. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. व्हिडिओ टेप महाग असे, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर पुढचा चित्रित होई. रेडिओच्या स्पूलची, म्हणजे उघड्या रिळावरच्या टेपचीही तीच गत: संग्रहासाठी निवडलेलं टिकलं, बाकीचं पुसून टेप पुन्हा वापरात. म्हणून घरातली एखादी सी-६० (साठ मिनिटांची कॅसेट) ही त्या कार्यक्रमाची एकमेव प्रत असू शकते. आधी प्रसारभारती अर्काइव्ह्ज आणि सह्याद्री वाहिनीच्या यूट्यूबवर शोधून पाहा. तिथे नसेल, तर तुमच्या हातातल्या टेपला मूळ दस्तऐवजाचा मान द्या.

दुकानदाराला पहिला प्रश्न: कॅसेट कशावर वाजवणार? टू-इन-वनच्या (रेडिओ-कॅसेट प्लेअरच्या) हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकमध्ये घालणार असेल, तर तिथूनच परत या. माइकच्या इनपुटला आवाज आपोआप वरखाली करणारी सोय बहुधा चालूच असते. निवेदक थांबला की मागची खरखर उसळते, बोलू लागला की दबते. हे नंतर काढता येत नाही. चांगला कॅसेट डेक, त्याचं लाइन-आउट (आवाज बाहेर नेणारी मागची जोडणी), बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात घेणारी पेटी) आणि सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या खाली, उणे ६ डेसिबलच्या आसपास, एवढी मांडणी हवीच.

दुसरा प्रश्न अ‍ॅझिमथचा, आणि आमच्या मते सगळी पारख याच ठिकाणी होते. टेप-हेडची, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाची फट टेपच्या चालीला बरोबर काटकोनात असावी लागते. कॅसेट ज्या मशिनवर भरली गेली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर सरळ हेडवर ती दबलेली, कापूस कोंबल्यासारखी वाजते. उपाय सोपा आहे: आवाज मोनोवर ठेवायचा, हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवायचा आणि उंच सूर सर्वांत मोकळे येतील तिथे थांबायचं. हे प्रत्येक कॅसेटला, शक्यतो प्रत्येक बाजूला करावं लागतं. मध्यम लहरींवरून, म्हणजे पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झसारख्या केंद्रावरून उतरवलेल्या आवाजात साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतं. अशा वेळी टेपच्या स्वतःच्या सळसळीवर जाऊ नये, भरलेल्या आवाजातल्या सर्वांत उंच सुरांवर कान ठेवून स्क्रू लावावा. दहा कॅसेट एका रांगेत वाजवून मोकळा होणारा दुकानदार हे करत नाही. हे काम मागा, त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्या.

आवाज एकदम क्षीण येत असेल तर कॅसेटमधला फेल्टचा तुकडा गळालेला असतो. टेप हेडवर दाबली जात नाही. रिळं दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली की काम होतं. सी-९० ची टेप सुमारे १२ मायक्रॉन जाडीची, सी-१२० ची ९ मायक्रॉन. ती गुंडाळून चुरगळायला वेळ लागत नाही. तिला वारंवार मागेपुढे पळवू देऊ नका. रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. नाशिकच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटातही ती धरते. अशी टेप न साफ करता लावली, तर त्या मशिनवर पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या टेपला लागण. हेड आणि रबरी रोलर पुसण्यासाठी दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे का, एवढं विचारलं तरी माणूस कळतो.

पाव इंची स्पूलची स्थिती नाशिकमध्ये बिकट आहे. चालतं मशीन असलेलं दुकान मिळालं तर नशीब. स्टुडिओत वेग सहसा सेकंदाला १९ किंवा ३८ सेंटिमीटर, घरगुती मशिनवर ९.५. १२०० फुटांचं ७ इंची रीळ १९ च्या वेगाने ३२ मिनिटं चालतं, म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम बरोबर मावतो. दोन्ही बाजूंनी भरलेली मोनो टेप पूर्ण रुंदीच्या हेडवर लावली, तर दुसरी बाजू उलटी, एकाच वेळी ऐकू येते. टेप बिघडलेली नसते, हेड चुकीचं असतं. मशीन नसेल तर ‘करून आणतो’ म्हणणाऱ्याला टेप न देता स्वतः मुंबई-पुण्याला न्या.

व्हिडिओत व्हीएचएस सोडून बाकी काही इथे होईल अशी अपेक्षा ठेवू नका. यू-मॅटिक आणि बेटाकॅम हे स्टुडिओतले टेपचे प्रकार. यू-मॅटिकची टेप पाऊण इंची, ती ओळखू येते. बेटाकॅमची छोटी कॅसेट मात्र घरगुती बेटामॅक्ससारखीच दिसते आणि बेटामॅक्सच्या यंत्रावर चालत नाही. व्हीएचएससाठी टाइमबेस करेक्टर (चित्राची डळमळ सावरणारं यंत्र) आहे का ते विचारा. नुसत्या स्वस्त यूएसबी डोंगलवर फ्रेम गळतात आणि तासाभरात ओठ-आवाज वेगळे पडतात. चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) तसंच ठेवून मागा.

फाइल एमपी३ नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची स्टिरिओ वेव्ह (न दाबलेली) फाइल तासाला साधारण १ जीबी होते. आजच्या पेनड्राइव्हला ती जड नाही. ‘आवाज स्वच्छ करून देतो’ याला ठाम नकार द्या, ती प्रत वेगळी घ्या. आणि सुरुवात-शेवट कापू देऊ नका. दुकानदाराला फालतू वाटणारी उद्घोषणा, केंद्राचं नाव, पाठोपाठ सुरू झालेल्या बातम्यांची दोन वाक्यं, यांवरूनच तारीख लागते. प्रसारणाच्या सभेच्या (सत्राच्या) आरंभीची आकाशवाणीची धून टेपवर असेल तर सोनंच: चांगल्या प्रतीशी तिचा सूर ताडला की टेपचा वेग चुकलाय का ते लगेच कळतं.

एकंदरीत, घरगुती व्हीएचएससाठी या सेवेला पाचपैकी साडेतीन. रेडिओच्या कॅसेटसाठी, अ‍ॅझिमथ लावून देणारा भेटला तर चार, नाहीतर दीड. स्पूलसाठी शून्य. पहिल्यांदा एकच बिनमहत्त्वाची कॅसेट द्या, फाइल हेडफोनवर ऐका, मग बाकीच्या न्या. काम झाल्यावर मूळ टेप लेबलासकट परत घ्या. कॅसेट उभी, रीळ पूर्ण एका बाजूला गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवा आणि पावसाळा संपला की पुडी बदला.