परीकथांचं पुस्तक, २५० रुपये: घ्यावं की नाही

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं आणि लांबच्या एका मावशी सगळ्यांसमोर माझ्या लेकीकडे बघून म्हणाल्या, "चेडवाक उन्हात सोडू नको गो, आणखी काळा पडात." सात वर्षांची पोर, तेव्हा गप्प राहिली, पण दुसऱ्या दिवशी माझा पावडरचा डबा तिच्या दप्तरात सापडला. म्हणून मग कुडाळला गेले तेव्हा एका स्टॉलवरून हे पुस्तक घेतलं. कागद जाड, अक्षर मोठं, मुलांना स्वतः वाचता येईल असं.

पण पहिलीच गोष्ट बदकांत वाढणाऱ्या आणि शेवटी हंस निघणाऱ्या कुरूप पिल्लाची, डॅनिश लेखक अँडरसनची १८४३ ची, आणि तिथेच माझा मूड गेला. मूळ गोष्टीत ते पिल्लू थोराड, काळपट करड्या रंगाचं असतं आणि सगळे त्याला टोचतात ते आकाराने मोठं आणि वेगळं दिसतं म्हणून. इथे वाक्य काय, तर "ते काळे होते म्हणून कुणालाच आवडत नव्हते." अहो आपल्याकडच्या मुलांना हेच घरोघरी ऐकू येतं, पुस्तकात तरी नको ना! लेकीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बोट तिथून हलेना.

दुसरं म्हणजे म्हातारीच्या झोपडीतला अख्खा प्रसंग गाळलाय. कोंबडी पिल्लाला विचारते तुला अंडी घालता येतात का, बोका विचारतो पाठ फुगवता येते का, घुरघुरता येतं का, आणि पिल्लू म्हणतं मला पाण्यात पोहावंसं वाटतं, त्यावर कोंबडी त्याला वेड्यात काढते तरी ते घर सोडून निघतं. तेव्हा ते हंस झालेलं नसतं, आपण हंस आहोत हे त्याला माहीतही नसतं, आणि तरीही आपल्याला काय हवंय ते ठामपणे सांगतं. मला तर गोष्टीचा जीवच तिथे वाटतो. तो भाग गेला की उरतं काय, तर शेवटी गोरंपान झालं म्हणून सगळ्यांना आवडलं. मी नगर वाचनालयातून जुनी प्रत आणून तो प्रसंग तिला वाचून दाखवला, तिने तीनदा वाचायला लावला.

राक्षस आणि सुंदरीची गोष्ट मात्र छान उतरलीय, १७५६ च्या फ्रेंच गोष्टीला धरून आहे. माणसाचा चेहरा घेऊन आत खोटं मन लपवणाऱ्यांपेक्षा तू बरा, असं ती राक्षसाला सांगते ते ठेवलंय, आणि लग्नाला हो म्हणते तेव्हा तो राक्षसच असतो, राजपुत्र नंतर होतो, हेही नीट आलंय. भाषा इतकी सोपी की लेकीने एकटीने वाचली. चित्रांतल्या झाडून सगळ्या राजकन्या गोऱ्या आणि सोनेरी केसांच्या, ते खटकलं. लेकीने एकीचा चेहरा तपकिरी खडूने रंगवला, मी पुसायला सांगितलं नाही.

बाइंडिंग कच्चं, तीन महिन्यांत पानं सुटली. घ्यायचंच तर राक्षसाच्या गोष्टीसाठी घ्या, पिल्लाची मात्र पूर्ण गोष्ट शोधून शेजारी बसून वाचा.

परवा आजोळी वेंगुर्ल्याला गेलो, मे महिन्याचं टळटळीत ऊन, कोणीतरी म्हणालंच सावलीत बस म्हणून. "माका पोवाचा आसा," एवढंच लेक बोलली आणि पाठीला पोहायचा डबा बांधून विहिरीत उतरली.