काळ्या मेंदीचं पाकीट: रंगाला पाच स्टार, पण घेण्याआधी हे वाचा

रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगते. पाकीट फोडायचं, पाण्यात कालवायचं, अर्धा तास डोक्यावर ठेवायचं, केस काळेभोर. पार्लरच्या मानाने खर्च म्हणजे काहीच नाही. वर्षभरात तीनदा लावलं, तिन्ही वेळा एकदम खुश. चौथ्यांदा पुतणीचं लग्न होतं म्हणून शुक्रवारी रात्री लावलं, शनिवारी हळदीत जो तो केस छान दिसतायत म्हणत होता, दोघींना तर मी स्वतःहून पाकिटाचं नाव सांगितलं, आणि रविवारी पहाटे मानेला, कपाळाला खाज खाज खाज, आरशात बघते तर पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या आणि कान लालभडक. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी गॉगल लावून आहे, अक्षता टाकताना पण. जाऊबाई म्हणे काल वांगं खाल्लंस ना त्यानेच.

मेडिकलमधून सेटिरिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी आणली, झोप मस्त लागली, खाज जिथल्या तिथे. सोमवारी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी बघताक्षणी विचारलं, डाय कधी लावला? म्हटलं शुक्रवारी, पण मॅडम दीड दिवस काहीच झालं नव्हतं आणि आधी तीनदा लावलाय. त्या म्हणाल्या तेच तर, ही टी सेलची, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची अ‍ॅलर्जी आहे, हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनाची नाही, आणि ती गोळी फक्त हिस्टामिनला अडवते, त्यामुळे त्या गोळीने फारसा फरक पडणारच नव्हता. स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला.

आता लाज वाटण्यासारखी गोष्ट. मी बारावीला बायो शिकवते. टी पेशी फळ्यावर काढून काढून हात दुखलाय माझा.

तर झालं काय ते सांगते, कारण पाकिटावर हे कोणी लिहिणार नाही. रंग येतो तो पीपीडी नावाच्या केमिकलने, पॅराफिनिलीनडायअमीन. हा रेणू इतका चिमुकला की कातडीतून सहज आत शिरतो. एकटा असता तर शरीराने त्याच्याकडे बघितलंही नसतं, पण आत जाऊन तो आपल्याच प्रोटीनला चिकटतो आणि मग ते प्रोटीन परकं दिसायला लागतं. कातडीत लँगरहान्स पेशी असतात, पॉल लँगरहान्सने १८६८ मध्ये मेडिकलला शिकत असताना शोधल्या, त्याला त्या नसांच्या पेशी वाटल्या होत्या बिचाऱ्याला. त्या आणि त्यांच्या जातीच्या डेंड्रायटिक पेशी हा ऐवज गिळतात, तुकडे करतात आणि जवळच्या लिम्फ नोडमध्ये घेऊन जातात. आजी ज्याला अवधाण आलं म्हणायची ना, ती गाठ म्हणजे सुजलेला लिम्फ नोडच.

तिथे टी पेशींची ही गर्दी. प्रत्येकीला एकच चेहरा ओळखता येतो, त्यामुळे या तुकड्याला ओळखणारी लाखांत एखादीच सापडते. आणि ओळख पटली म्हणजे लगेच कामाला लागली असंही नाही. पतसंस्थेच्या चेकवर चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या लागतात तसं आहे हे. पहिली सही म्हणजे टी पेशीचा रिसेप्टर आणि एमएचसीवर, म्हणजे डेंड्रायटिक पेशीच्या तुकडे दाखवायच्या ताटलीवर, मांडलेला तुकडा जुळणं, दुसरी म्हणजे डेंड्रायटिक पेशीवरचं बी-७ आणि टी पेशीवरचं सीडी-२८ यांचा हात मिळणं. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर टी पेशी उलट थंड पडते. ही सोय आपल्याच शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून, कारण दुसरी सही धोका दिसला तरच मिळते. पीपीडीची गंमत अशी की तो स्वतःच कातडीला चिडवतो, म्हणजे धोक्याची घंटाही त्यानेच वाजवली आणि दुसरी सही पण त्यानेच मिळवून दिली.

दोन्ही सह्या झाल्या की इंटरल्यूकिन-२ हे पेशी वाढवणारं रसायन सुटतं आणि त्या एका पेशीच्या हजारो होतात. याला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर डाय कधीच धुवून गेलेला असतो, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. काही पेशी मेमरी म्हणून वर्षानुवर्षं राहतात. हे माझ्या पहिल्या वेळेला झालं की तिसऱ्या, देव जाणे, पण चौथ्या वेळी त्या वाटच बघत होत्या. त्या येऊन जमणार, इंटरफेरॉन गॅमा हे हाक मारणारं रसायन सोडणार, मॅक्रोफेज या गिळणाऱ्या पेशी बोलावणार, मारेकरी टी पेशी कातडीच्या पेशींवर सुटणार, या सगळ्याला २४ ते ७२ तास. शुक्रवार रात्र ते रविवार पहाट, मोजा.

म्हणून या पाकिटाला मी दोन स्टार कापले ते रिअ‍ॅक्शनसाठी नाही, सूचनांसाठी. आतल्या घडी घातलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा. ४८ तास! मी अर्धा तास थांबले होते आणि तेही फक्त पहिल्या वेळी. दुकानदाराला विचारलं होतं तर तो म्हणाला दहा मिनिटं बघा ताई, बास होतंय. अहो दहा मिनिटांत टी पेशी चप्पल पण घालत नाही. पुढे हेअर मॉडेलचा एवढा मोठा फोटो, तेवढी जागा त्या एका ओळीला दिली असती तर काय बिघडलं असतं? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेजारच्या दोन पाकिटांवर पण मागे पीपीडीच होतं.

नंतर पॅच टेस्ट करून घेतली, तिला मात्र पाच स्टार. पाठीवर छोट्या वाट्या चिकटवतात, पीपीडी १ टक्का पेट्रोलियम जेलीत. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, उन्हाळ्यात हाल होतात. ४८ तासांनी काढतात आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात. माझ्या पाठीवर लाल फुगीर चकती. गंमत म्हणजे टीबीच्या मंटू टेस्टमधलं पीपीडी वेगळंच, ते टीबीच्या जंतूचं प्रोटीन, पण फुगवणारी मंडळी तीच, टी पेशी, म्हणून ती पण ४८ ते ७२ तासांनीच वाचतात. ही अ‍ॅलर्जी रक्तातल्या अँटिबॉडीची नाही हे लँडस्टायनर आणि चेज यांनी १९४२ मध्ये गिनीपिगवर दाखवलं, अ‍ॅलर्जी असलेल्याच्या पेशी दुसऱ्यात घातल्या तर अ‍ॅलर्जी पण गेली, नुसत्या सीरमने, म्हणजे पेशी काढलेल्या रक्ताच्या पाण्याने, नाही गेली. हा रक्तगटवालाच लँडस्टायनर बरं का.

डॉक्टरांनी बजावलंय, बेंझोकेन हे बधिर करणारं औषध असलेली मलमं आणि सल्फाच्या गोळ्या घेताना आधी सांगायचं, त्यांचे रेणू पीपीडीसारखे दिसतात. आता मी साधी मेंदी आणि वर नीळ पावडर (इंडिगोच्या पानांची, कपड्यांची नीळ नव्हे) लावते, लेबल वाचून. मेंदीचा स्वतःचा रंग तांबडाच, काळी मेंदी नावाचं झाड कुठे उगवत नाही. काळेभोर होत नाहीत, चालतंय.

हळदीत ज्या दोघींना नाव सांगितलं होतं त्यांना फोन केला. एकीने अजून आणलं नव्हतं. दुसरी म्हणाली, अगं मी परवाच लावलं, काही नाही झालं, तुझीच स्किन नाजूक आहे.