सीलबंद प्रभुभोजन कप: मंडळीसाठी घ्यावेत का नको

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीसाठी चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून थोडी भाकर आणि द्राक्षाचा रस घ्यायचा विधी. त्यासाठी ऑनलाइन ते प्रीफिल्ड कम्युनियन कप मिळतात ना, वर वेफर आणि खाली ज्यूस, ते आमच्या मंडळीनं कोविडनंतर उपासना परत सुरू झाल्या तेव्हा मागवले आणि मग ते चालूच राहिले. आता जुने ट्रे परत काढायचे का यावर कमिटीत खल चाललाय. मी महिला मंडळातली, म्हणजे ते ट्रे आणि काचेचे छोटे कप धुणाऱ्यांपैकी, त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नसलं तरी मी देणार. ब्रँडचं नाव घालत नाही, वेगवेगळ्या कंपन्यांचे वापरून झाले, डिझाइन सगळ्यांचं एकच आणि तक्रारी पण त्याच.

घाईवाल्यांसाठी आधी निकाल सांगून टाकते. आजारी माणसाच्या घरी नाहीतर हॉस्पिटलात न्यायला पाचपैकी पाच स्टार. रविवारी चर्चमध्ये वापरायला दोन, आणि त्यातला एक भांडी घासावी लागत नाहीत म्हणून.

वस्तू अशी आहे की एवढुसा प्लास्टिकचा कप आणि त्यावर दोन पापुद्रे. वरचा पारदर्शक, तो सोलला की गोल पातळ वेफर, मग खालची फॉइल सोलायची की ज्यूस. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही पापुद्र्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, नखात धड येत नाहीत, आणि जोर लावला की दोन्ही एकदमच निघतात, वेफर मांडीवर आणि ज्यूस साडीवर, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्याकडे निम्म्या बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात हे त्या कंपनीला कोण सांगणार. वेफरला चव म्हणून नाहीच. ज्यूस बरा आहे, गोड जरा जास्त, पण घोटभरच असतो त्यामुळे शुगरवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. आणि आवाज! पाळकसाहेब "हे माझे शरीर आहे" म्हणतात आणि नेमकं तेव्हाच अख्ख्या चर्चमध्ये चुर्र चुर्र सुरू होतं, पहिल्यांदा तर मागच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू येत होतं.

आता हे असले कप आले कुठून याची थोडी गंमत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावात थॉमस वेल्च नावाचा मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) डेंटिस्ट होता, दारूच्या कट्टर विरोधात, त्याला प्रभूच्या मेजावर दारू नको होती म्हणून १८६९ मध्ये त्यानं पाश्चरची तापवून जंतू मारायची पद्धत वापरून द्राक्षाचा रस न आंबवता टिकवला. मग १८८२ ला जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखनं टीबीचा जंतू शोधला, लोकांच्या मनात जंतूंची भीती बसली, आणि १८९० च्या दशकात तिकडच्या चर्चमधून सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यायचं बंद होत होत प्रत्येकाला वेगळा छोटा कप आला. सील त्याच्यावर नंतर बसलं. त्यामुळे सगळा दोष कोविडवर टाकू नका, ही गाडी शंभर वर्षांहून जास्त काळ याच दिशेला चाललीय.

चव, आवाज, डाग हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला खटकतं ते वेगळंच, आणि त्यासाठी देवाशी सहभागिता म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या डोक्यात नक्की काय असतं ते थोडं सांगावं लागेल, आपल्यातल्याच कितीतरी जणांना ते फक्त प्रार्थना करताना डोळ्यात पाणी येणं वाटतं.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, देव दिवसाच्या गार वाऱ्यात बागेत फिरतोय आणि आदाम-हव्वा झाडांमागे लपलेत. फळ आणि साप सगळ्यांना पाठ असतं, पण माझ्या मते त्या अध्यायातली सगळ्यात वाईट गोष्ट हे लपणं आहे. ज्याच्यासोबत असायचं त्याच्याच पावलांचा आवाज आला की तोंड चुकवायचं. सहभागिता तुटली ती इथे. आणि आपला विश्वास हा की माणसाला आपल्या बाजूनं ती जोडता येत नव्हती, ती येशूनं वधस्तंभावर जोडली, आणि आता लपायचं कारण राहिलं नाही. जोडल्यावर करायचं काय? तर बायबलमध्ये पुन्हा पुन्हा एकच दिसतं, जेवायचं. येशू जकातदारांच्या घरी जेवतो म्हणून लोक नावं ठेवतात. जक्कय नावाचा जकातदार झाडावरून खाली उतरतो तो येशू त्याच्या घरी उतरणार म्हणून. येशू मेलेल्यांतून उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर त्याचे दोन शिष्य एवढं अंतर त्याच्याबरोबर चालले तरी ओळखलं नाही, भाकर मोडली तेव्हा ओळखलं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, येशू दाराशी उभा राहून ठोकतोय, आणि दार उघडलं तर आत येऊन काय करणार, तर जेवणार.

रविवार शाळेत आम्हाला शिकवायचे की नातं वेगळं आणि सहभागिता वेगळी, येशूनं सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्रानं घर सोडलं तरी बापाचा मुलगाच राहिला, तुटली ती सोबत. ते ठीकच आहे. ही गोष्ट लूकच्या १५ व्या अध्यायात आहे, धाकटा परत येतो आणि बाप मेजवानी देतो, पण मला नेहमी मोठ्या भावाचं जास्त वाटतं. तो कुठे गेलाच नाही, एक आज्ञा मोडली नाही, रोज शेतावर राबला, आणि गोष्ट संपते तेव्हा घरात गाणं-बजावणं चालू आहे आणि हा बाहेर उभा. बाप स्वतः उठून त्याला बोलवायला बाहेर आलाय. याचं बापाशी काही वाकडं नाही, फक्त धाकट्याबरोबर बसायचं नाही, आणि तेवढ्यापायी बापाच्या पंगतीला मुकतोय. योहानाच्या पहिल्या पत्रात हेच आहे, ज्याला बघितलंय त्या भावावर प्रेम नाही आणि न बघितलेल्या देवावर आहे म्हणतोस तर खोटं बोलतोस. म्हणजे देवाशी सहभागिता ही शेजारच्याला वगळून मिळत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही.

आणि हा कप नेमका तशीच सोय करून देतो.

जुन्या ट्रेचं कसं होतं, अॅल्युमिनियमचा गोल ट्रे, भोकाभोकांत काचेचे कप, तो रांगेतून हातोहात जायचा. शेजारणीला कप उचलता यावा म्हणून ट्रे तुम्ही धरायचा, मग तिनं पुढच्यासाठी धरायचा. आमच्या रांगेत दोन जावा असतात, घराच्या वाटणीवरून बोलणं बंद. पण ट्रे आला की एकीला दुसरीसाठी धरावाच लागायचा, हवेत कसा सोडणार. त्यानं भांडण मिटलं असं मी म्हणत नाहीये, ते कोर्टात आहे आणि तारखा पडतायत. पण निदान तेवढ्यापुरतं एकमेकींकडे बघावं लागायचं. आता दारातल्या टोपलीतून आपला कप घ्यायचा, आपल्या जागी बसायचं, आपला सोलायचा, आपला प्यायचा, आणि जाताना डस्टबिनमध्ये टाकायचा. कुणाचा कुणाला धक्का नाही.

प्रेषित पौल ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्यांच्यावर भडकला होता तो याच्यासाठीच. तिथे प्रभुभोजन खरोखरचं जेवण असायचं, आणि जो तो आपापलं आधी उरकून घ्यायचा, कोणी पिऊन तर्र आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी. तो सरळ म्हणतो की हे प्रभूचं भोजन नव्हेच, एकमेकांसाठी थांबा. त्याच्या आधीच्या अध्यायात तर भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर असंच आहे. आमच्याकडे पूर्वी एकच मोठी भाकर पाळकसाहेब सगळ्यांसमोर मोडायचे. मशीनमध्ये छापलेली सुटी वेफर कोण कुठे मोडणार?

बरं, आपल्या देशात तर एका प्याल्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तमिळ मुलखातल्या जुन्या मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसायचे आणि प्रभुभोजन आधी घ्यायचे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जात चर्चच्या बाहेर ठेवा असा हुकूम काढला तर कित्येकांनी जात ठेवली आणि चर्च सोडलं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळं-ओवळं आणि चूल वेगळी. आधी ते सोवळं सुटलं, कोणाच्याही हातचं पाणी चालायला लागलं, आणि बाप्तिस्मा त्याच्यानंतर. हा क्रम मला फार खरा वाटतो. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचं प्यायचं यावर पिढ्या गेल्या, तिथे स्वच्छतेच्या नावाखाली का होईना, आपला-आपला सीलबंद कप आला की मला जरा कसंतरीच होतं. (जंतू खरे असतात हे मान्य. सर्दी-खोकलावाल्यांनी वेगळा कप घ्यावा, त्याला माझी ना नाही.)

तसं या मेजावरून भांडणारे आपण पहिले नाही. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जमलं आणि पंधराव्यात, भाकर-द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर-रक्त खरोखर आहे का यावर, अडलं ते अडलंच. त्यापुढे आमच्या कमिटीचा खल म्हणजे काहीच नाही.

आता कपाची बाजू पण मांडते, नाहीतर म्हणाल हिला घासाघाशीची आवड आहे. एक तर चर्चमधली सगळ्यात जास्त सहभागिता त्या न निघणाऱ्या फॉइलमुळेच झाली. संधिवातवाल्या आज्यांना ते उघडतच नाही, मग पुढच्या बाकावरचा तरुण पोरगा वळून उघडून देतो, तो त्यांचा कोणी लागत नाही, एरवी त्यांना साधं "जय ख्रिस्त" पण घालत नाही. कंपनीनं हे फीचर म्हणून दिलं नसणार.

आणि दुसरं म्हणजे घरभेट. इथे मात्र हा कप सोनं आहे. आधी पाळकसाहेब बाटली, कप, डबी असं सगळं पिशवीत घेऊन जायचे, वाटेत सांडायचं, आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात ते सगळं उघडून मांडायचं म्हणजे नर्सच्या कपाळाला आठ्या. आता पर्समध्ये चार कप टाकले की झालं. डायलिसिसला जाणारे आमच्यातले एक काका कित्येक महिने चर्चला येऊ शकले नव्हते, त्यांच्याकडे आम्ही पाच-सहाजण गेलो, पलंगाभोवती उभे राहिलो, त्यांना पाणी मोजून असतं म्हणून त्यांनी नुसते ओठ ओले केले. तेव्हा ती बेचव वेफर कोणाला बेचव लागली नाही. पण एक करा, पाकीट दाराशी देऊन निघू नका, त्यांच्याबरोबर तुम्ही पण घ्या. मंडळी त्यांच्याकडे गेली पाहिजे, कुरियर नको.

काही जण बॉक्स घरी ठेवून रोज एकटेच मोबाइलवर उपासना लावून घेतात असं ऐकते. लॉकडाऊनमध्ये इलाज नव्हता, तेव्हाचं सोडा. पण देवाबरोबर एकटं बसायला प्रार्थना आहे की, खोलीत जा, दार लाव आणि पित्याशी बोल असं येशूनंच सांगितलंय. मेज मात्र त्यानं बाराजणांना घेऊन मांडला, आणि त्यात कोण धरून देणार आहे हे माहीत असताना मांडला.

घ्यायचेच असतील तर बघून घ्या. एक्स्पायरी कपावर छापलेली हवी, नुसत्या खोक्यावर नको. दोन पापुद्र्यांची टोकं विरुद्ध बाजूंना असतील तो माल घ्या, सोलायला त्यातल्या त्यात बरा. आधी छोटं पाकीट मागवा, मोठ्या बॉक्सवर कपामागे पैसे वाचतात पण उरलेले पडून राहतात, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवले तर फॉइल फुगते. मंडळीत शंभराच्या वर लोक असतील तर कपांचा महिन्याचा खर्च एकदा ट्रेच्या खर्चाशी ताडून बघा, काळी द्राक्षं उकळून गाळून रस करायला महिला मंडळ कुठे पैसे घेतं. आमच्या कमिटीला मी सांगितलंय की ट्रे काढा, घासायला मी आहे, फक्त यावेळी पुरुष मंडळातले पण दोघं पाठवा.