रेकॉर्डला तीन तारे, पीटर ग्रीनला पाच

चाळीस वर्षं मी 'ब्लॅक मॅजिक वूमन' हे गाणं सान्ताना बँडचंच समजत होतो. हॉस्टेलवर रूम पार्टनरच्या कॅसेटवर तेच होतं, आणि भरून आणलेल्या कॅसेटवर मूळ गाणं कुणाचं हे कोण लिहितंय! मूळ १९६८चं, फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडचं, लिहिणारा त्यांचा गिटारवाला पीटर ग्रीन. हे कळलं आणि 'द पायस बर्ड ऑफ गुड ओमेन' ही त्यांची १९६९ची जुनी एलपी ऑनलाइन मागवली.

विकणाऱ्याने 'जवळपास नवी' लिहिलं होतं. कशाच्या जवळपास, ते विचारायला हवं होतं. कव्हरचा कोपरा कुरतडलेला, आणि 'लुकिंग फॉर समबडी'ला सुई एका जागी अडकून बसते ती बसतेच. मऊ ब्रशने पुसून पाहिलं, फरक नाही. कव्हरवर ननच्या वेषातली गरोदर बाई आहे, हातात पक्षी. आई घरात असते, त्यामुळे ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

पण 'अल्बट्रॉस' सुरू झालं आणि भांडायचा मूडच गेला. ड्रम लांबून लाट यावी तसे घुमतात आणि त्यावर ग्रीनची गिटार. एक सूर लावायचा आणि तो विरेपर्यंत दुसऱ्याला हात घालायचा नाही. दोन मिनिटांनी आतून आईचा आवाज : "अरे, हा गाणार कधी?" गाणारच नाही, आई. हे बिनशब्दांचं गाणं जानेवारी १९६९मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर होतं.

दोन गाणी एडी बॉइड या ब्लूज गायकाची, बँड नुसता साथीला. ठीक.

हा ग्रीन म्हणजे जॉन मेयलच्या ब्लूज बँडमध्ये गिटारवाल्या एरिक क्लॅप्टनच्या जागी आलेला पोरगा. स्वतःचा बँड काढला तेव्हा नाव दिलं ड्रमवाल्या फ्लीटवुडचं आणि बेसवाल्या मॅकव्हीचं. दुकान आपलं, पाटीवर नावं दुसऱ्यांची! मे १९७०मध्ये, सगळं जोरात चालू असताना, तेविसाव्या वर्षी बाहेर पडला. पैसा नको झाला होता, वाटून टाकत होता. पुढे मानसिक आजार, इस्पितळं, मध्येच कबरी खणायचं काम. बँडच्या त्याच नावाने १९७७चा 'रूमर्स' अल्बम कोट्यवधींनी खपला, त्यात हा कुठेच नाही. १९७९मध्ये 'इन द स्काइज' हा स्वतःचा अल्बम घेऊन परतला, तोही दबकतच.

विकणाऱ्याला अडकणाऱ्या सुईचा व्हिडिओ पाठवला. "रेकॉर्ड परत पाठवा, पूर्ण पैसे देतो," म्हणाला. नाही पाठवली.