कॅलेंडर चांगलं, पण बिलात कोड छापून आला (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

वहिनीच्या घरगुती फराळाच्या ऑर्डरी घ्यायला मी एक पान बनवलंय. डिलिव्हरीची तारीख निवडायला ही कॅलेंडरची स्क्रिप्ट (जावास्क्रिप्ट भाषेतली तयार फाइल) टाकली, ६०० रुपये मोजून. कॅलेंडर कसं दिसतं ते डेमोत दिसतंच, छान आहे. मला बोलायचंय ते आतल्या एका ओळीबद्दल.

ही फाइल गुपचूप अ‍ॅरे.प्रोटोटाइपला, म्हणजे सगळ्या अ‍ॅरेंच्या (याद्यांच्या) सामायिक साच्याला, 'लास्ट' नावाची मेथड (फंक्शन) चिकटवते. म्हणजे पानावरच्या झाडून सगळ्या अ‍ॅरेंना ती मिळते, माझ्या दरांच्या अ‍ॅरेलासुद्धा. आठ महिने नुसत्या तारखाच घेत होतो, त्यामुळे कळलं नाही. परवा बिलाची बेरीज जोडली. चकली १८०, शंकरपाळे १६०. एकूण आले ३४०, आणि त्याला लागूनच 'फंक्शन', महिरपी कंस, 'रिटर्न'... अख्खा कोड! वहिनीचा स्क्रीनशॉट आला, "भाऊजी, हे गिऱ्हाइकाने वाचायचं का?"

सपोर्टला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर, 'तुमचा लूप चुकलाय.' डोकंच फिरलं. मग गप्प बसलो, कारण ते निम्मं खरं होतं. अ‍ॅरेवर मी बेरजेला वापरलेला फॉर-इन लूप फिरवायचा नसतो, तो प्रोटोटाइपवर चिकटवलेलंही उचलतो. लूप बदलला, बेरीज जमली. दोनाचे तीन स्टार केले.

तो तिसरा आता काढून घेतोय. त्यांचं पुढचं मेल, 'नव्या आवृत्तीत डिफाइनप्रॉपर्टीने मेथड लपवू.' म्हणजे फॉर-इनला ती दिसणार नाही. लपवली तरी नावावर कब्जा राहतोच की! मूटूल्स या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने असंच अ‍ॅरेला 'फ्लॅटन' (आतल्या याद्या सपाट करणारी मेथड) दिलं होतं. २०१८ मध्ये फायरफॉक्स नाइटलीत (त्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत) जावास्क्रिप्टचं स्वतःचं 'फ्लॅटन' आलं आणि एक जुनी साइट मोडली. मूटूल्स आपल्या मेथड फॉर-इनने एलिमेंट्सवर (पानावरच्या घटकांच्या स्वतःच्या यादीवर) उतरवून घ्यायचं. ब्राउझरची मेथड मात्र फॉर-इनला दिसत नाही, आणि तिच्या जागी आपली ठेवली तरी ती जागा लपलेलीच राहते. त्यामुळे 'फ्लॅटन' तिकडे पोचलंच नाही. शेवटी भाषेनेच माघार घेऊन 'फ्लॅट' नाव घेतलं. त्याआधी आणखी एका मेथडचं नाव 'कंटेन्स'चं 'इन्क्लूड्स' झालं, तेही मूटूल्सपायीच. भाडेकरूने खिळा ठोकला म्हणून घरमालकाने भिंत सरकवायची, असला प्रकार.

आणि हा उपद्व्याप कशासाठी, तर अ‍ॅरेतला शेवटचा घटक काढायला! २०२२ पासून त्यासाठी भाषेतच 'अ‍ॅट' आहे, उणे एक द्या की झालं. फुकट.

पैसे परत मागितलेत, उत्तर नाही. तोवर ती ओळ मीच उडवली. त्यांच्या फाइलीत 'लास्ट' वापरलं होतं फक्त तीन ठिकाणी, तिथे 'अ‍ॅट' घातलं.