समूह शाळा की वाडीवरची शाळा?

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पानशेत (पुणे) आणि तोरणमाळ (नंदुरबार) इथल्या समूह शाळा दाखवल्या. सरकार म्हणते गुणवत्ता, शिक्षक संघटना म्हणतात पदकपात. जरा आकडेमोड करून पाहू.

पहिली ते पाचवीच्या पाच शाळा, प्रत्येकी पट 12. दोन-दोन शिक्षक धरले तर दहा पदे. एकत्र केल्यावर पट 60, आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषाने 60 पर्यंत शिक्षक दोनच! बाकी आठ अतिरिक्त. त्यांची नोकरी जात नाही, समायोजन होते. पण ज्या रिक्त जागेवर ते जातात ती पवित्र पोर्टलवरच्या (शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरच्या) उमेदवाराच्या हातून निसटते. सरकारची खरी बचत इथे.

वाडीवरच्या शाळेचे दुखणेही खोटे नाही. एक गुरुजी बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेले की दुसऱ्या बाईंनी पाचही इयत्ता एकाच खोलीत सांभाळायच्या. समूह शाळेत मैदान, सवंगडी मिळतात. शिक्षक मात्र निकषाला धरून दोनच दिले तर गत तीच. वर वाड्यांवरून मुले आणणाऱ्या गाडीचा भरवसा. ओढ्याला पाणी आले आणि गाडी अडली, की पाचही वाड्यांची हजेरी एकदम बुडाली.